लिनक्सचा कौल

"कुठलंही चालेल," असं संघमित्रा मॅडम म्हणाल्या आणि माझ्या आयुष्यातले पाच आठवडे खाऊन गेल्या.

मॅडम आमच्या कंपनीत सर्व्हर विभागाच्या प्रमुख. कंपनी अंधेरीला, एमआयडीसीत. मी तिथे चौदा वर्षं फोनवर बसते. कुणाचा कॉम्प्युटर अडला की ते आम्हाला फोन करतात आणि मी समोरच्या कागदावरचं वाचून सांगते, "सर, मशीन बंद करा, तीस सेकंद थांबा, परत चालू करा." दहातल्या सात वेळा चालू होतं. का होतं हे चौदा वर्षांत मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला काही येत नाही हे उघड झालं असतं.

फेब्रुवारीत कळलं की फोनवरचं हे वाचन आता मशीनच करणार. आम्ही अकरा जणी. सर्व्हर विभागात जागा चार. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा. बिघडवून ठेवलेलं एक मशीन समोर देणार, दोन तासांत चालू करायचं. जमलं तर राहा, नाही जमलं तर घरी. चव्वेचाळीस वर्षांच्या, फोनवर वाचून दाखवण्यापलीकडे काही न येणाऱ्या बाईला घरी म्हणजे घरीच, पुढे कुठे नाही.

"सर्व्हरवर लिनक्स असतं," मॅडम म्हणाल्या. "घरच्या लॅपटॉपवर टाका आणि शिका. फुकट असतं. कुठलं? अहो अनुपमा, कुठलंही चालेल."

लिनक्स म्हणजे एक वस्तू असेल असा माझा समज होता. दुकानात जाऊन मीठ मागावं आणि त्याने पुडा काढून द्यावा, तसं. घरी येऊन शोधलं तर लिनक्स शेकड्याने निघाली. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च, पुढे मी वाचणं सोडलं. प्रत्येकाच्या पानावर लिहिलेलं, शिकणाऱ्यांसाठी उत्तम. एकानेही असं लिहिलं नव्हतं की बाई, हे तुझ्यासाठी नाही, पुढे जा. तेवढं जरी कुणी लिहिलं असतं तरी मी आभार मानले असते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रज्योतला गाठलं. प्रज्योत सर्व्हर विभागातला, वेसाव्याचा कोळी, सव्वीस वर्षांचा. त्याला काही विचारलं की तो डबा बाजूला सारून सांगतो, एवढा चांगला.

"ताई, तू आर्च घे. झकास आहे. सगळं हाताने लावायला लागतं. वाट लागते, पण डोक्यात बसतं."

"आणि वाट लागली की?"

"तेव्हाच तर शिकतेस ना!"

"बरं, या सगळ्यांत फरक काय आहे ते सांग."

"आतून बघशील तर फार काही नाही. सगळ्यांच्या आत तेच लिनक्स. कोड उघडा आहे यार, कुणीही घ्यावा, आपल्याला पाहिजे तसा करावा. म्हणून तर एवढे झाले."

"आतून तेच आहे, तर मग मी निवडायचं काय?"

"तीच तर मजा आहे, ताई. चॉइस आहे!"

असा राग आला मला. चॉइस म्हणे! मला आयुष्यात चॉइस कुणी दिला होता? शाळा घराजवळची, कॉलेज जिथे नंबर लागला ते, नोकरी पहिली मिळाली ती. सवयच नाही हो. आणि आता चव्वेचाळिसाव्या वर्षी एकदम शेकड्यातून एक निवड म्हणतात, वर मजा आहे म्हणतात.

मिंट टाकलं. ते दिसायला ऑफिसच्या कॉम्प्युटरसारखंच निघालं. मला वाटलं, एवढं सोपं म्हणजे यात मी काही शिकणार नाही. तिसऱ्या दिवशी पुसलं. फेडोरा टाकलं, सहा दिवस टिकलं. वायफाय लागेना, ती चूक माझीच असणार, पण मी निवड चुकली असं ठरवलं आणि पुसलं. उबुंटू टाकलं तर प्रज्योतने नाक मुरडलं, म्हणून मलाही ते आवडेनासं झालं. मग हिंमत करून आर्च. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही. मी तासभर तिच्याकडे बघत बसले, मग उठून कुकर लावला. रोज कुठलातरी दाढीवाला माणूस व्हिडिओत सांगायचा की नवशिके नेमकी हीच चूक करतात. कुठली चूक हे शेवटपर्यंत कळायचं नाही. वर निवड एका जागी थांबतही नव्हती. आतलं ठरलं की बाहेरचं रूप निवडा, ते ठरलं की फाइली ठेवायची पद्धत निवडा. मार्चचा दुसरा आठवडा उजाडला तेव्हा मला एकच गोष्ट उत्तम येत होती, लॅपटॉप पुसून नवं लिनक्स टाकणं. शिकणं म्हणाल तर शून्य.

हे सगळं आमच्या घरी बाबा बघत होते. बाबा म्हणजे माझे सासरे, गुणाजी. एकोणऐंशी वर्षांचे. लालबागच्या गिरणीत होते, गिरणी गेल्यावर गोरेगावला वॉचमन, आणि आता आमच्याबरोबर दहिसरला. चाळ पाडून टॉवर झाला त्यात अकराव्या मजल्यावर आमचं घर, आणि बाल्कनीत त्यांची खुर्ची. माझा नवरा निलेश विमानतळावर विमानांना जेवण पोचवणाऱ्या गाड्या चालवतो, त्याच्या पाळ्या बदलत्या. त्यामुळे घरात माझी चिडचिड ऐकायला हक्काचे असे बाबाच.

एका रविवारी सकाळी मी पेनड्राइव्ह लावून डेबियन टाकत होते. पाचवं.

"काय गो, परत पुसलंस?" बाबांनी विचारलं.

"परत पुसलं."

"आता ह्या खंयचा?"

"डेबियन. पण प्रज्योत म्हणतो त्यापेक्षा दुसरं एक आहे, ते..."

"तुका ठरवक जमणा नाय," बाबा म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "मगे देवाक इचारूया. कौल लावूया."

आमच्या गावच्या देवळात कौल लावतात. म्हणजे गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, तुमचा प्रश्न देवाच्या कानावर घालतो आणि वाट बघत बसतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. या घरात सगळं कौलावर चालतं. गिरणी बंद झाली तेव्हा बाबांना आखातात काम मिळत होतं. कौल डावा पडला, ते गेले नाहीत. त्यांच्याबरोबरचे दोघे गेले आणि गावात बंगले बांधून परत आले, पण बाबांच्या तोंडून त्याबद्दल कधी एक शब्द नाही. दहिसरची खोली उजव्या कौलाने घेतली. निलेशसाठी माझं स्थळ आलं तेव्हाही कौल लावला होता, म्हणजे मी उजव्या कौलाची सून.

"बाबा, देवाला काय विचारणार? उबुंटू की फेडोरा?" मी हसले. "गुरवाला नावं तरी घेता येतील का?"

"ता मी बघतंय. तू इचारू काय नको, तेवढा सांग."

खरं सांगते, मी पार थकले होते. प्रज्योत झाला, ते दाढीवाले झाले, आता देव तेवढा उरला होता. "विचारा," मी म्हटलं, आणि म्हणताना मला बरं वाटलं. निदान ठरवायचं ओझं तरी जाईल.

सोमवारी मी ऑफिसात असताना बाबांनी गावी फोन केला. संध्याकाळी मी आले तर ते दारातच उभे.

"उजवो पडलो," बाबा म्हणाले. "आता असा ताच ठेवचा. बदलूचा नाय. देवान सांगल्यान."

"डेबियन?"

"आता असा ताच."

संपला विषय. माझा देवावर विश्वास आहे का, तर अर्धाअधिक. पण कौल मोडायचा नाही यावर पूर्ण आहे, कारण या घरात कौल मोडलेला मी बघितलेला नाही आणि मोडल्यावर काय होतं ते मला माझ्या लॅपटॉपवर बघायचं नव्हतं. प्रज्योतला सांगितलं तर तो पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "डेबियन वाईट नाहीये पण, ताई. तुमच्या देवाला कळतं."

दहा दिवस बरे गेले. मग मी शहाणपणा केला. माझ्या सगळ्या नोंदी एका पेनड्राइव्हवर होत्या. मशीन चालू झालं की तो आपोआप जोडला जावा म्हणून मी एका फाइलीत, कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी असते तिच्यात, एक ओळ लिहिली. चाललं. मी खूश. पेनड्राइव्ह ऑफिसला नेला आणि तिथेच खणात राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, पाणी येतं तेव्हा मी उठतेच, लॅपटॉप चालू केला. काळा पडदा. मशीन कशाची तरी वाट बघत राहिलं, दीड मिनिट, आणि मग त्याने सरळ हात वर केले. खाली इंग्रजीत काहीबाही ओळी आणि पासवर्ड टाका म्हणून सूचना.

माझा हात आपोआप दुसऱ्या पेनड्राइव्हकडे गेला. पुसायचं, नवं टाकायचं. मग आठवलं, बदलायचं नाही. बाथरूममध्ये बादली भरून वाहत होती आणि मी खुर्चीत तशीच बसून होते. पुसता येत नाही म्हटल्यावर करायचं काय, हा प्रश्न मला पाच आठवड्यांत पहिल्यांदा पडला.

मी त्या ओळी वाचल्या. म्हणजे खरंच वाचल्या, एकेक शब्द, वहीत उतरवून. आधी असं काही आलं की मी नजर फिरवायचे. तीन सकाळी गेल्या. पहिल्या सकाळी एवढंच कळलं की मशीनला कसली तरी डिस्क सापडत नाहीये. दुसऱ्या सकाळी डिस्क तर आतच आहे, मग कुठली सापडत नाही, यावर डोकं आपटलं. तिसऱ्या सकाळी ओळीतल्या एका लांबलचक नंबराकडे बघता बघता लक्षात आलं की तो माझ्या पेनड्राइव्हचा नंबर आहे. मीच सांगितलं होतं याला की पेनड्राइव्ह जोड. ते बिचारं ऑफिसच्या खणातल्या पेनड्राइव्हची वाट बघत होतं. मी यादीतली माझी ओळ काढली, मशीन चालू केलं, आणि ते चालू झालं.

इतका आनंद मला लग्नानंतर झाला नव्हता. निलेश रात्रपाळीहून येऊन झोपला होता, त्याला हलवून सांगितलं. तो म्हणाला, "बरं," आणि कूस बदलली. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले, मग थोडी रडले. मशीन चालू होतं म्हणजे काय होतं हे मला कळलं होतं. ते एक यादी घेऊन एकेक काम उरकत जातं, आणि मध्ये काही अडलं तर तिथे थांबतं. बंद करून चालू केलं की मध्येच अडकलेलं असेल ते सुटतं, पण यादीतच चूक असेल तर ती तशीच राहते. चौदा वर्षं मी लोकांना चूक तशीच ठेवून पुन्हा सुरुवात करायला सांगत होते. आणि पाच आठवडे स्वतःही तेच करत होते.

त्यानंतर मी मुद्दाम गोष्टी बिघडवायला लागले. काही कळायचं, पुष्कळ कळायचं नाही. एक गोष्ट कळली की तिच्या खाली आणखी तीन न कळणाऱ्या निघायच्या, आणि गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढायचा. पण आता गोंधळ एकाच जागचा होता, त्यामुळे त्यात चालता येत होतं. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "चलता मां? काय इपरीत नाय मां झाला?" मला वाटायचं, लॅपटॉपचीच चौकशी. मी म्हणायचे, "बिघडलंय बाबा, करते," आणि त्यांचा चेहरा उतरायचा.

परीक्षेला माझ्यासमोर आलेल्या मशीनवर काहीच चालेना. बाकीच्या बंद करून चालू करत होत्या, त्या आवाजाने माझं लक्ष उडत होतं. मी ओळी वाचत बसले. तासाभराने सापडलं, मशीन स्वतः लिहून ठेवतं त्या नोंदींच्या फाइली वाढून वाढून डिस्क गच्च भरली होती, श्वास घ्यायला जागा नव्हती. जागा केली, आणि त्या फाइली पुन्हा वाढू नयेत म्हणून बंदोबस्त केला. संघमित्रा मॅडमनी विचारलं, "हा पुढचा बंदोबस्त कुणी सांगितला होता करायला?" मी म्हटलं, "कुणी नाही. नाहीतर डिस्क उद्या परत भरली असती." चारांत माझं नाव तिसरं आलं.

आता देवाचं देणं आलं. देवाने उजवा कौल दिला आणि काम झालं की त्याला काहीतरी पोचवायचं असतं. बाबांना न सांगता आपणच करावं म्हणून मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून गुरवाला फोन लावला. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, "काय पाठवू? नारळ चालेल की कोंबडा सांगू?"

"कसलो?" गुरव म्हणाला.

"मार्चमध्ये बाबांनी माझ्यासाठी कौल लावला होता ना. उजवा पडला. मी पास झाले."

त्याने मला ते परत एकदा सांगायला लावलं.

"उजवो खंय पडलो?" तो म्हणाला. "डावो पडल्लो. गुणाजीन इचारल्यान, सुनेन ह्या नवीन शिकापाच्या मागे लागूचा काय? डावो. मी म्हटलंय, परत लावतंय. परत डावो. तीनय येळा डावो, गो बाय. मी सांगलंय त्याका, देव नको म्हणता."

"मग बाबा काय म्हणाले?"

"म्हणालो, तिका सांगा नको, ती सोडून देतली. दोष लागतलो तर माका लागांदे. माझा वय झाला."

फोन ठेवला आणि मी जिन्यातच बसले. खरं कुणाचं, मला कळेना. डावा पडला हे मला सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी सोडून दिलं असतं आणि देव खरा ठरला असता. सांगितलं नाही म्हणून मी शिकले. मग देव चुकला, की देवाने म्हाताऱ्याची परीक्षा घेतली, की पाकळीला काही कळतच नाही? जो माणूस डाव्या कौलापायी आखात सोडून बसला, त्याने माझ्यासाठी तीन डावे कौल गिळले आणि रोज संध्याकाळी घाबरत घाबरत विचारलं, इपरीत काही झालं नाही ना. दोन महिने हा माणूस देवाच्या शिक्षेची वाट बघत होता आणि मी त्याला सांगत होते, बिघडलंय बाबा.

मेट्रोतून येताना दहिसरपर्यंत मी ठरवत होते, त्यांना कळलंय म्हणून सांगावं की सांगू नये. ठरलं नाहीच.

बाबा बाल्कनीत सुपारी कातरत बसले होते.

"बाबा, आज गुरवाला फोन केला होता."

अडकित्ता थांबला. "कित्याक?"

"पास झाले म्हणून सांगायला." मी समोर बसले, आणि तोंडातून काय निघणार हे ते निघेपर्यंत मला माहीत नव्हतं. "मग म्हटलं, लागलाच आहे फोन तर एक कौल लावा. आपल्या घरात कुणालाच कसला दोष लागलेला नाही ना, म्हणून."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "मगे?"

"नाही लागला. उजवा पडला. तीनदा लावला त्याने, तिन्ही वेळा उजवा."

देवाच्या नावाने मी पहिल्यांदाच खोटं बोलत होते. बाबांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला.

"आज एकादशी," ते हळू म्हणाले. "एकादशीक आमच्या देवळात कौल लावणत नाय."

मी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, "तीनय येळा उजवो?"

"तिन्ही वेळा, बाबा."

"मगे बरा झाला," ते म्हणाले, आणि धोतराचा सोगा डोळ्यांना लावून रडायला लागले.